तलवार म्यानात अडते, नाहीतर म्यानासकट वर येते: दर आषाढातल्या अडचणीचा इलाज

आषाढ लागला की माझा फोन वाजायला लागतो. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा प्रसंग सादर करणारी पोरं, मावळ्याच्या वेशात पावनखिंडीकडं निघालेले गट, सगळ्यांची तक्रार एकच. "दादा, तलवार निघंनाच झालीया." कुणाची तलवार निघते, पण म्यानही तिच्याबरोबर छातीपर्यंत वर येतं. पुढं फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या तयारीत त्याच पोरांचा उलटा फोन येतो. "दादा, मुजऱ्याला वाकलो की तलवार घसरून पडतीया." तलवार तीच, म्यानही तेच.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकलो. आता धाकट्यांना शिकवतो आणि प्रसंग सादर करणाऱ्या गटांची शस्त्रं बघतो. फोनवर हे सगळं समजावता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

खाली जे लिहिलंय ते धार नसलेल्या, टोक गोल केलेल्या तलवारीसाठी आहे. घरात आजोबा-पणजोबांची धारेची तलवार असेल तर ती देव्हाऱ्यापाशी राहू द्या, दसऱ्याला तिची पूजा करा. प्रसंगात ती कमरेला लावू नका. भिंतीवर शोभेला टांगायची तलवारही नको. तिचं पातं मुठीत जेमतेम बोटभर गेलेलं असतं, पुष्कळदा तर नुसती बारीक सळई जोडलेली असते. जोरात उपसताना पातं सुटून समोरच्या प्रेक्षकात गेलं तर काय होईल, याचा विचार करा.

आधी ठरवा, दोष म्यानात आहे की नेसण्यात, म्हणजे कमरेला लावण्या-उपसण्यात

फोन करणारा प्रत्येक जण गृहीत धरून चालतो की म्यान आवळ झालंय. मग कुणी म्यान आतून खरवडतो, कुणी तलवार घेऊन थेट उद्यमनगरातल्या कारखान्यात जातो आणि ग्राइंडरवर पातं पातळ करून आणतो. असं एक पातं माझ्याकडं आलं होतं, हातभर लांबीत निळं पडलेलं. पोलाद तापून निळं झालं म्हणजे त्याचं पाणी, त्याचा कडकपणा उतरला. ते पातं पुढच्याच सरावात वाकलं आणि परत सरळ झालं नाही. तेव्हा पात्याला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा.

तपासणी सोपी आहे, फक्त दोघं लागतात. म्यान कमरेवरून सोडवा. एकानं ते दोन्ही हातांत आडवं धरायचं, चपट्या बाजूंवर तळवे ठेवून, बोटं धारेच्या शिवणीवर न आणता. दुसऱ्यानं सावकाश तलवार ओढायची. पातं वाकडं असेल तर हातही त्याच वाकानं न्यायचा. असं तीनदा करा. तलवार सहज सरकली तर म्यान निर्दोष आहे. दोष तुमच्या कमरेत, पट्ट्यात किंवा डाव्या हातात आहे. इथंही अडली तर मात्र म्यानाकडं बघायचं.

माझ्याकडं आलेल्यांतल्या बहुतेकांची तलवार या तपासणीत लोण्यातून निघावी तशी निघाली. म्हणून आधी नेसण्याबद्दल लिहितो.

डावा हात कुठं आहे?

आमचे वस्ताद पहिल्या दिवशी उजवा हात पाठीमागं बांधायला लावायचे आणि म्हणायचे, "आता तलवार काढ." मग आम्ही डाव्या हातानं म्यान मागं-खाली ओढायला शिकायचो. तलवार काढण्यात निम्मं काम डाव्या हाताचं आहे, हे त्यांनी असं अंगात भिनवलं.

कारण हिशेबाचं आहे. मूठ डाव्या कमरेशी असते, उजवा हात अंगावरून आडवा जाऊन ती धरतो आणि पुढं-वर जातो. हात पूर्ण ताणला तरी मूठ म्यानाच्या तोंडापासून एका ठरावीक अंतरापर्यंतच जाते, कारण हात खांद्याला बांधलेला आहे. साधी तलवार त्या अंतरात बसते. लांब, जवळजवळ सरळ पात्याची धोप किंवा युरोपियन पात्याची फिरंग बसत नाही. शेवटची चार-सहा बोटं पातं म्यानातच राहतं. पोरगं मग टाचा उचलतं, खांदा वर करतं, कोपर डोक्यावर नेतं आणि शेवटी मनगट फिरवतं. मनगट फिरलं की पातं म्यानाच्या तोंडात तिरकं होतं आणि पाचर बसल्यासारखं अडतं. बघणाऱ्याला वाटतं म्यान आवळ आहे.

इलाज असा. डाव्या हातानं म्यान तोंडाच्या खाली चार बोटांवर धरा. डाव्या अंगठ्यानं मुठीची आडवी परज अर्धा इंच वर ढकला. तलवार म्यानातून "सुटली" हे हाताला कळतं. मग उजवा हात पुढं निघाला की त्याच वेळी डावा हात म्यान मागं आणि खाली ओढतो आणि डावी कंबर मागं वळते. तलवार पुढं जाते, म्यान मागं जातं. डाव्या हाताच्या आणि कमरेच्या या ओढीनं जेवढं अंतर मिळतं, तेवढ्यातच धोपेची उरलेली बोटं बाहेर येतात. म्यान तलवारीबरोबर वर येण्याची तक्रारही इथंच संपते, कारण डाव्या हातानं धरलेलं म्यान वर येणार कसं?

इतकं करूनही टोक आत राहत असेल, तर तलवार तुमच्या उंचीला लांब आहे. म्यान आणखी खाली, खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याला लटकवून बघा. तेही जमलं नाही तर लहान पातं घ्या. यात कमीपणा काही नाही. पाच फुटाच्या पोराला धोप देऊन त्याचा प्रसंग बिघडवण्यापेक्षा त्याच्या अंगाला बसणारी तलवार द्यावी.

आता मनगटाबद्दल, कारण आपल्या तलवारीची मूठ इतर देशांच्या तलवारींपेक्षा वेगळी वागते. मुठीच्या टोकाला वाटीसारखी चकती असते. मनगट मागं वाकवलं की ती चकती मनगटाच्या आतल्या बाजूला रुतते. नवख्या पोरांच्या मनगटावर सरावानंतर लाल चंद्रकोर उमटलेली दिसते ती याचीच. चकती बोचते म्हणून ते पकड ढिली करतात आणि ढिल्या पकडीनं ओढलेली तलवार वाकडी येते. मनगट सरळ ठेवा, ओढ खांद्यातून आणि कोपरातून घ्या. मूठ तळहाताला आखूड पडत असेल तर तर्जनी परजेवरून पुढं काढता येते, पण ती सवय बोथट पात्यावरच चालते. काही फिरंगींना चकतीवर वर आलेला लांब काटा असतो. दोन हातांनी वार करताना धरायला आणि तलवार म्यानात असताना हात टेकायला तो कामी येतो. कमरेला उंच लावली की मात्र तोच काटा बरगडीत घुसतो. अशी तलवार चार बोटं खाली घ्या.

डावा हात कसा धरायचा हे मी स्वतःच्या रक्तानं शिकलो, म्हणून इथं थांबून सांगतो. विशीत असताना मी म्यान मुठीत आवळून धरायचो, चारही बोटं धारेच्या बाजूनं वळसा घालून. म्यान म्हणजे दोन लाकडी फळ्या चिकटवून वर कातडं किंवा मखमल चढवलेली. जोड नेमका धारेच्या रेषेत असतो. तलवार दरवेळी त्या जोडावर घासत होती. एका सरावात जोड फुटला आणि पातं फळ्यांमधून माझ्या तळहातात आलं. बोथट म्हणवणारं पातं होतं ते. पाच टाके पडले आणि अंगठ्याखालचा वण अजून आहे. म्हणून माझ्या पोरांना मी म्यान फक्त चपट्या बाजूंवरून धरू देतो, एकीकडं अंगठा, दुसरीकडं बोटं, आणि धारेची शिवण मोकळी. तलवार काढताना पात्याची पाठ म्यानाच्या पाठीला टेकून सरकली पाहिजे, धार अधांतरी राहिली पाहिजे. घासल्याचा खर्रर आवाज आला तर धार टेकतीय असं समजा. सिनेमात तो आवाज शोभतो, खरं म्यान मात्र त्यानं आतून कापलं जातं.

ढाल हातात असली की नवी अडचण. डाव्या मुठीत ढालीचे बंद, मग म्यान ओढायचं कशानं? प्रसंग बसवताना हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि ऐन वेळी पोरगं ढालीसकट कमरेशी झटत राहतं. ढाल पाठीवर टाकून या, तलवार काढा, मग ढाल पुढं घ्या. दोन श्वासांचं काम आहे आणि बघायलाही झकास दिसतं. दांडपट्टा म्यानात घालून कमरेला लावायच्या भानगडीत तर पडूच नका. २०२४ साली तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाल्यापासून प्रत्येक गटाला तो हवा असतो. पण कोपरापर्यंत हात झाकणारा खोबळा आणि लवचीक पातं असलेलं ते हत्यार हातात धरूनच प्रवेश करण्याचं आहे.

शेला, पट्टा आणि कड्या

म्यान कमरेला नुसतं खोवलं असेल तर डावा हात कितीही शिकला तरी अर्धंच जमेल. भाड्याच्या वेशाबरोबर येणारा शेला चकचकीत आणि घसरडा असतो. त्यात म्यान खोवलं की ते फिरतं, धार कधी वर, कधी आत. चालताना वाक असलेली बाजू पोटरीला लागते आणि पाय अडकतो. सुती शेला घ्या. कमरेला तीन वेढे बसून गाठीला उरेल इतका, म्हणजे मध्यम अंगाच्या माणसाला साडेतीन मीटरच्या आसपास. पहिला वेढा अंगालगत, म्यान पहिल्या आणि दुसऱ्या वेढ्याच्या मधे, तिसरा वेढा म्यानाच्या वरून आवळून. गाठ उजव्या बाजूला घ्या, म्हणजे उपसताना मुठीच्या वाटेत येत नाही. नऊवारीचा काष्टा घातलेल्या मुलींनी शेला निऱ्यांच्या वरून न बांधता थोडा वर, कमरेच्या घट्ट भागावर बांधावा. नाहीतर म्यानाच्या वजनानं निऱ्या सुटत येतात आणि लक्ष तलवारीवरून उडतं.

पट्ट्याला लटकवायची तलवार असेल तर म्यानावर दोन कड्या असतात. पुढच्या कडीचा बंद आखूड, मागच्या कडीचा लांब. दोन्ही सारखे केले की म्यान जमिनीला समांतर आडवं होतं आणि मागं उभ्या माणसाच्या मांडीत टोक जातं. मूठ पुढं-वर, टोक मागं-खाली, असं तिरकं लटकलं पाहिजे. हाताला वाटतं तेवढंच तिरकं पुरतं, मोजमापाची गरज नाही. चढावर मात्र मागचा बंद आणखी सैल करा, म्हणजे म्यान जवळजवळ उभं होऊन पायऱ्यांना लागत नाही. म्यान वर उसळू नये म्हणून पुढच्या कडीतून एक बारीक दोरी पट्ट्याला खालून ओढून बांधा. तेवढ्यावर म्यानासकट वर येणाऱ्या निम्म्या तलवारी जागेवर राहतात.

चामड्याचे बंद कुठून करून घ्यायचे असं बरेच जण विचारतात. आपण कोल्हापुरात राहतो. ज्या हातांनी कोल्हापुरी चपला होतात, त्यांच्यापेक्षा चामडं जास्त कळणारं कोण आहे? म्यान आणि तलवार दोन्ही बरोबर घेऊन जा, अंगावर लावून दाखवा, बंद कुठं ताणतो ते त्यांना बघू द्या. ऑनलाइन मागवलेल्या रेक्झिनच्या बंदाची शिवण पहिल्याच पावसात सुटते.

डावखुऱ्यांनी म्यान उजवीकडं लावायचं असेल तर कड्याही दुसऱ्या बाजूला बसवून घ्या. नाहीतर वाक उलटा पडतो आणि तलवार कधीच सरळ निघत नाही.

म्यानच आवळ असेल तर

आता दुसरा प्रकार. तपासणीत तलवार खरोखर अडली. पहिल्यांदा परजेच्या मधोमध खाली आलेली जीभ बघा. ही जीभ म्यानाच्या तोंडावर बाहेरून बसते. तलवार कधी जमिनीवर पडली असेल तर ती आत वाकते आणि म्यानाला चिमटा बसतो. आतलं लाकूड कितीही खरवडलं तरी हा चिमटा सुटत नाही. जीभ लाकडी पट्टीनं हळूहळू, चारदा तपासत बाहेर घ्या. पितळी असेल तर जास्तच जपून, ती मोडते.

जीभ ठीक असेल आणि जुलै चालू असेल तर म्यान फुगलंय. लाकूड ओलं झालं की तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून म्यानाची पोकळी चहूबाजूंनी आवळते. पन्हाळ्यावर आषाढात ढग अंगावरून जातात, पुढं वाटेतल्या मसाई पठारावर तर आडवा पाऊस लागतो. त्यात चार तास भिजलेलं म्यान आवळ होणारच. १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्यावरून निघालेल्यांच्या अंगावरही हाच आषाढ होता.

इथं सगळे जी चूक करतात तीच या दर वर्षीच्या चक्राचं मूळ आहे. फुगलेलं म्यान आत्ताच आतून खरवडायचं. आत्ता तलवार छान बसते. दिवाळीनंतर लाकूड वाळतं, आकसतं, आणि खरवडलेली जागा पोकळ राहते. फेब्रुवारीत तलवार वाकल्यावर पडते. मग तोंडात कापडाच्या चिंध्या, कागद, जाड कातडं चिकटवलं जातं. पुढच्या आषाढात ते सगळं फुगतं आणि परत फोन येतो. ओल्या म्यानावर कधीही पॉलिश पेपर चालवू नका.

आधी वाळवा. तलवार बाहेर काढून म्यान तोंड खाली करून सावलीत, वारं लागेल अशा जागी टांगा. दोन दिवस, मोठ्या पावसात तीन. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवलं तर वरचं कातडं आखडतं आणि फळ्यांचा जोड उघडतो. सुताराच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवलेलं म्यान पाण्यानं तसंही सैल पडलेलं असतं. वाळल्यावर परत तपासा. बहुतेक म्यानं इथंच ठीक होतात.

वाळूनही अडत असेल तर कुठं टेकतंय ते शोधायचं. आमच्याकडं यासाठी काजळी वापरतात. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवरून पातं भरभर फिरवा, काळा थर बसेपर्यंत. पातं हाताला गरम लागता कामा नये. थंड झाल्यावर सावकाश म्यानात घाला, तशीच सावकाश काढा. जिथली काजळी पुसली तिथं टेकतंय. उद्यमनगरातले फिटर निळा रंग लावून सुटे भाग जुळवतात, तीच पद्धत. तिथं खूण करून ठेवा. मग मार्चमध्ये, म्यान पूर्ण वाळलेलं असताना, लाकडाच्या लांब चपट्या पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तेवढीच जागा पाच-सहा वेळा घासा, परत काजळी, परत बघा. दहा मिनिटांत संपवायचं हे काम नाही. एक रविवार द्या.

घासताना आत भुसा आणि काजळी उरते. म्यान उलटं करून तळव्यावर ठोका. मोहिमेवरून आलेल्या म्यानातून मी बारीक खडे, चिखलाची ढेकळं, एकदा तर वाळलेलं भाताचं लोंगर काढलंय. टोकाच्या धातूच्या टोपीत पाणी साचतं आणि आतून कुजवतं, म्हणून आमच्या सगळ्या म्यानांना तळाशी ३ मिलिमीटरचं छिद्र पाडून घेतलंय. पाणी जायला वाट मिळते.

तेलाचा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे की तो वेगळा सांगतो. घरात हाताशी असतं ते तेल पात्याला चोपडलं जातं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते म्यानात मेणासारखं होऊन बसतं आणि पहाटेच्या सादरीकरणात तलवार चिकटते. जवसाचं तेल हवेत वाळून पापुद्रा धरतं, करडईचंही काही दिवसांनी चिकट होतं, त्यावर धूळ बसली की लुकण तयार. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, फडक्यावर दोन थेंब, पात्यावरून पुसा आणि कोरड्या फडक्यानं परत पुसून काढा. तलवार म्यानात ठेवून कपाटात बंद करू नका. कातड्यात आणि लाकडात ओल राहते, आतून गंज चढतो. आणि गंजलेलं पातं म्हणजे म्यानात घातलेली कानस. दोन्ही वेगवेगळे ठेवा.

सैल म्यानाला चिंध्या नकोत. तोंडापासून आत दोन सेंटिमीटरपर्यंत, फक्त चपट्या बाजूंना, पातळ मऊ कातड्याची एकेक पट्टी चिकटवा. धारेच्या आणि पाठीच्या बाजूला काहीही नको. तलवार घालून म्यान उलटं केलं की ती आपल्या वजनानं पडू नये, पण अंगठ्यानं ढकलताच सुटावी, एवढीच पकड हवी. हे काम मार्च-एप्रिलात करा, म्यान पूर्ण वाळलेलं असताना.

एकदम अडली तर झटका देऊ नका

मैदानावर, लोकांसमोर, तलवार हलतच नाही. अशा वेळी पोरगं दोन्ही हातांनी मूठ पिळतं. जुन्या पद्धतीच्या मुठीत पातं लाखेनं बसवलेलं असतं, रिव्हेट नसतो. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या तलवारीची लाख मऊ झालेली असते. अशी मूठ पिळली की पातं म्यानात आणि मूठ हातात, असं दोनदा माझ्यासमोर झालंय. त्यामुळं प्रसंग बसवतानाच प्रत्येकाला पर्याय द्या. तलवार पहिल्या ओढीत आली नाही तर भाला घ्या, ढाल पुढं करून साथीदाराच्या मागं जा, म्यानासकट तलवार छातीशी धरून आरोळी द्या. प्रेक्षकाला काही कळत नाही. दर कार्यक्रमाआधी मूठ तपासा. पातं एका हातात सैल धरून मुठीवर तळहातानं थाप मारा. पातं सलग गुंजलं तर ठीक, आत खडखड झाली तर ती तलवार आज बाहेर ठेवा.

परत म्यानात घालताना

अपघात इथं जास्त होतात. सिनेमातल्यासारखं समोर बघत तलवार आत घालायचा मोह आवरा. थांबा, मान खाली घाला, म्यानाचं तोंड बघा. डाव्या हातानं म्यान थोडं पुढं घेऊन टोक नीट आत जाऊ द्या, मग पाठीच्या बाजूवर टेकवत पातं त्याच्या वाकानं सरकवा. टोक आत कुठं अडलं तर ढकलू नका, परत बाहेर काढा. ढकललेलं टोक पातळ लाकूड फोडून मांडीच्या बाजूनं बाहेर येतं. प्रसंगाच्या धावपळीत, दम लागलेला असताना तर आत घालूच नका. बाजूच्या मदतनिसाच्या हातात द्या. आमच्या गटात हा नियम लहान-मोठ्या सगळ्यांना सारखा आहे.

ओळीत उभे असताना तलवार कुणाच्या अंगावरून फिरते हेही बघा. डाव्या कमरेतून निघालेलं पातं उजवीकडं पुढं फिरतं, म्हणजे तुमच्या उजव्या हाताच्या माणसाला धोका. शेजारच्यापासून हात आणि पातं यांच्या लांबीइतकं अंतर ठेवा, किंवा एकेक पाऊल मागं-पुढं उभे राहा. मिरवणुकीत मूठ म्यानाला सुती दोरीनं सुरगाठ मारून बांधून टाका. गर्दीत कुणी उत्साहानं मूठ ओढतं, तेव्हा ती गाठ उपयोगी पडते. गर्दीतून जाताना मूठ डाव्या हातानं पुढं ओढून म्यान मांडीला समांतर उभं करा. मूठ खाली दाबली की टोक मागं वर उठतं आणि मागच्या लेकराच्या तोंडाशी येतं.

परवानगीबद्दल एवढंच की सण-उत्सवांच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्यात तलवारीही येतात. बोथट आहे हे रस्त्यावर सांगून भागत नाही. कार्यक्रमाचं पत्र आधी पोलीस ठाण्यात द्या, तलवारी किती आणि कुणाकडं हे लिहून द्या, आणि ठिकाणापर्यंत त्या कापडात गुंडाळून एकाच गाडीतून न्या. मोटारसायकलवर पाठीला म्यान लावून हिंडणारी पोरं सगळ्या तालमींचं नाव खराब करतात.

सराव किती, असं विचाराल तर नुसत्या उपसण्याचा आकडा मोजू नका. आठवडाभर रोज अर्धा तास म्यान कमरेला लावून घरात वावरा. जिना चढा, पाटावर बसा, दारातून आत-बाहेर करा, वाकून पाण्याची कळशी उचला. म्यानाचं टोक आपोआप कळायला लागतं, जसं सायकल शिकल्यावर हँडल कळतं. मग आरशासमोर वीस वेळा, सावकाश, मोजून: अंगठा, ओढ, कंबर, पातं. वेग आपला आपण येतो. आमच्या तालमीतल्या आठवीतल्या एका मुलीला यंदा धोपेपेक्षा लहान तलवार दिली, तर ती हिरमुसली होती. आठवडाभरानं तिनं मोठ्यांच्या ओळीत सगळ्यांत आधी आणि अजिबात आवाज न करता तलवार काढली. वस्तादांनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून मान हलणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडं शिकलेल्यांनाच कळेल.

आणि पावसातून परत आलात की त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, जेवायच्या आधी तलवार म्यानातून काढा. पातं पुसा, तेलाचं फडकं फिरवा, म्यान तोंड खाली करून टांगा. दोन-तीन दिवसांनी ते वाळलं की काजळीची तीच परीक्षा परत घ्या, मूठ थाप मारून बघा, आणि काही अडत असेल तर कुठं अडतंय ते म्यानावर खडूनं खूण करून ठेवा. खरवडायचं ते मार्चमध्ये.